‘जुन्या कॅसेटी, किंमत शून्य’ : कुलगुरूंना खुलं पत्र

प्रति,
मा. कुलगुरू
आणि व्यवस्थापन परिषदेचे सर्व सदस्य

विषय : दृकश्राव्य विभागातल्या ध्वनिफिती आणि चित्रफितींचं निर्लेखन थांबवण्याबाबत

सप्रेम नमस्कार.

आपल्या विद्यापीठाच्या दृकश्राव्य विभागात मी एकोणतीस वर्षं ध्वनिमुद्रक होतो. निवृत्त होऊन नऊ वर्षं झाली. नोव्हेंबरात हयातीचा दाखला द्यायचा, एवढाच काय तो आता संबंध. पण गेल्या आठवड्यात विभागातल्या एका जुन्या सहकाऱ्यानं मोबाइलवर एक यादी पाठवली. डेडस्टॉक रजिस्टरमधून कमी करायच्या सामानाची. अनुक्रमांक ४१, मोडक्या प्लास्टिक खुर्च्या. ४२, टेबलपंखे, नादुरुस्त. ४३, जुन्या व्हिडिओ कॅसेटी, नग ११४६, सद्य किंमत शून्य. ४४, स्पूल टेप, दोन गोण्या.

टेप मिनिटांत मोजतात, फुटांत मोजतात, फार तर नगावर मोजतात. गोणीवर मोजलेली मी पहिल्यांदाच पाहिली.

यादी समितीनं केली आहे आणि आपल्यापुढं ती सहीसाठी आली असेल, हे मला कळतं. त्यामुळं राग आपल्यावर नाही. पण समितीतल्या एकानं तरी एखादी कॅसेट लावून पाहिली का, एवढं विचारून बघा. पाहिली नसणार. कारण ती लावायचं यंत्र अनुक्रमांक ४५ वर आहे.

हे पत्र मी पाकिटात घालून आवक-जावकच्या टेबलावर देऊ शकलो असतो. तशी तीन दिली आहेत, पोच माझ्याजवळ आहे. आता सगळ्यांसमोर लिहितो, कारण त्या कॅसेटी एकट्या विद्यापीठाच्या नाहीत.

थोडं मागचं सांगतो, कारण परिषदेतल्या बऱ्याच जणांना ते माहीत असायचं कारण नाही. १५ ऑगस्ट १९८४ ला यूजीसीचा, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाचा, ‘कंट्रीवाइड क्लासरूम’ हा शैक्षणिक कार्यक्रम दूरदर्शनवर सुरू झाला. इन्सॅट-१बी उपग्रह आदल्या वर्षी वर गेला होता, त्याच्या जिवावर. कार्यक्रम बनवायला पुण्यासारख्या मोजक्या विद्यापीठांना माध्यम केंद्रं मिळाली. आपण त्यांत नव्हतो. मग आपल्याकडं पदरच्या पैशांतून दोन खोल्यांचा विभाग उघडला गेला. भिंतींना काथ्याचे जाड तक्ते ठोकून वर गोणपाट ताणलं. अंड्यांचे ट्रे चिकटवायचं आमचं ठरलं होतं, पण पुण्याहून आलेल्या एका इंजिनिअरांनी हसून सांगितलं, त्यानं खोलीतला घुमारा थोडा कमी होईल, बाहेरची रिक्षा अडणार नाही.

रेकॉर्ड करणं हे आमचं अर्धंच काम होतं. उरलेलं अर्धं म्हणजे पोचवणं. बहिःस्थ विद्यार्थ्यांसाठी अर्थशास्त्र, मराठी, इतिहास अशा विषयांची लेक्चरं ऑडिओ कॅसेटवर असायची. एका मास्टरवरून प्रती काढायच्या, लेबलं टाइप करायची, कालच्या पेपरात गुंडाळून सुतळी बांधायची आणि एसटी स्टँडच्या पार्सल खिडकीवर नेऊन द्यायची. तालुक्याच्या कॉलेजचा शिपाई तिकडं उतरवून घ्यायचा. परत आलेल्या कॅसेटीत कधी कधी मागणी-पुरवठ्याच्या मध्येच सिनेमाचं गाणं सुरू व्हायचं. मग आम्ही कॅसेटच्या मागचे दोन टोचे तोडून पाठवायला लागलो. पोरं त्या भोकांत कागदाचा बोळा कोंबून पुन्हा टेप करायची. एका अर्थी, आमचा माल वापरला जातोय याची ती पावतीच होती.

आता अनुक्रमांक ४३ मध्ये काय आहे ते सांगतो. सगळं सांगणं शक्य नाही, एकच सांगतो.

३० सप्टेंबर १९९३ ला पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी किल्लारी-सास्तूर भागात भूकंप झाला. आठ-दहा हजार माणसं गेली. आपल्या एनएसएसची मुलं मदतीला निघाली, त्यांच्या ट्रकमध्ये मागं आमचा कॅमेरामन आणि मी. यू-मॅटिक ही त्या काळची मोठ्या व्हिडिओ कॅसेटची पद्धत; तिचा पोर्टेबल रेकॉर्डर म्हणजे खांद्याला पट्टा अडकवून न्यायची पेटी. एका गावात म्हातारे गवंडी भेटले. पडलेल्या भिंतीपाशी उभे राहून त्यांनी मुलांना समजावलं. भिंतीला दगडाच्या दोन पाळ्या, आतली आणि बाहेरची, मध्ये दगडगोट्यांची आणि चिखलाची भर. दोन्ही पाळ्यांना एकत्र धरणारा लांब दगड कुणी घातलेला नाही, कारण तो घडवायला पैसे पडतात. वर माळवद, म्हणजे मातीचं सपाट छत. ते गळतं म्हणून दर साली माती टाकायची, मागच्या साली टाकलेली काढायची कुणी नाही. असं करत करत डोक्यावर हात-दीड हात मातीचं ओझं झालेलं. जमीन हलली तशा पाळ्या दोन बाजूंना फाकल्या आणि माळवद सरळ खाली आलं. स्थापत्यशास्त्राचं एवढं साफ लेक्चर मी पुढच्या नोकरीतही रेकॉर्ड केलं नाही.

मग ते बोलायचे थांबले. कॅमेरामननं माझ्याकडं पाहिलं, मी बोटानंच खुणावलं, चालू ठेव. चाळीसएक सेकंद माझ्या हेडफोनमध्ये वाऱ्यावर फडफडणाऱ्या ताडपत्रीशिवाय काही नव्हतं. मग ते म्हणाले, “ही भित मीच रचली व्हती.”

त्या दौऱ्याच्या चार कॅसेटी आहेत. ११४६ नगांपैकी चार नग.

बाकीच्यांत काय नाही? समोच्च रेषा समजावताना बटाट्याच्या चकत्या करून फळ्याला टेकवणारे भूगोलाचे सर आहेत. तांड्यावरच्या बायकांची होळीची गाणी आहेत. कुंभारवाड्यातली भट्टी लावण्यापासून उघडेपर्यंत आहे. गोंधळ्यांच्या रात्रभरच्या आख्यानाचे सात भाग आहेत. आणि हो, कुलगुरूंच्या स्वागताच्याही पुष्कळ आहेत. त्या खुशाल काढा, माझी हरकत नाही.

माझं पहिलं गाऱ्हाणं हेच की किंमत प्लास्टिकची केली गेली, त्यावर जे आहे त्याची झाली नाही. ग्रंथालयातलं जुनं पुस्तक काढून टाकायचं तर त्याला वेगळी समिती लागते, दुर्मीळ आहे का हे पाहिलं जातं. कॅसेटीला मात्र खुर्चीचा नियम लावला. विभागात हाताने लिहिलेलं कॅसेट-रजिस्टर आहे, लाल पुठ्ठ्याची तीन बाडं. विषय, तारीख, बोलणाऱ्याचं नाव, मिनिटं. निम्म्याहून जास्त अक्षर माझं आहे आणि ते वाचता येतं. समितीच्या टिपणीत त्या रजिस्टरचा उल्लेखसुद्धा नाही.

दुसरं गाऱ्हाणं गोंधळ्यांच्या घरचं. त्या आख्यानातल्या मुख्य गोंधळ्यांची मुलगी गेल्या दिवाळीत विद्यापीठात आली होती. वडील वारले, भाऊ संबळ वाजवतो, पण आख्यानाचा मधला एक तुकडा घरात कुणालाच पुरता येत नाही. तेवढा ऐकायला मिळाला तर भाच्याला शिकवता येईल, एवढंच तिचं म्हणणं. आधी सांगितलं अर्ज करा. तिनं केला. मग सांगितलं सापडत नाही. कुणीतरी तिला माहिती अधिकाराचा कागद लिहून दिला, त्याला उत्तर आलं, “सदर माहिती अभिलेखावर उपलब्ध नाही.” साहेब, ती माहिती दुसऱ्या बाडात आहे, सात कॅसेटी, ओळीनं. मी तिला हे फोनवर सांगितलं तेव्हा ती म्हणाली, “मग काका, मी परत अर्ज करू का?” काय उत्तर द्यायचं?

इथं आमचंही चुकलेलं कबूल करतो. त्या काळी आम्ही कलावंतांना मानधन द्यायचो, रेव्हेन्यू स्टॅम्पवर सही किंवा अंगठा घ्यायचो, आणि विषय संपला असं समजायचो. कॉपीराइटच्या कायद्यात कलावंताच्या सादरीकरणाचा हक्क आला तो १९९४ च्या दुरुस्तीनं. पण कायद्यात नव्हतं म्हणून एक प्रत त्यांच्या घरी द्यायला कुणी अडवलं नव्हतं. आम्ही दिली नाही. सुचलंच नाही.

तिसरी गोष्ट घाईची आहे, म्हणून जरा तांत्रिक बोलतो. फितीवर लोखंडाच्या भस्माचा थर एका चिकट द्रव्यानं बसवलेला असतो. दमट हवेत ते द्रव्य पाणी ओढतं, टेप चिकट होते, यंत्रात घातली की किंचाळते आणि थर हेडवर, म्हणजे फीत वाचणाऱ्या भागावर, खरवडून निघतो. काही कॅसेटींना पांढरी बुरशी धरते. चिकट टेप ओव्हनमध्ये पन्नास अंशांच्या आसपास काही तास शेकली की थोडे दिवस चालण्याजोगी होते, तेवढ्यात ती संगणकावर उतरवून घ्यायची. स्वयंपाकघरातल्या ओव्हनमध्ये नव्हे, तापमान स्थिर ठेवणाऱ्या प्रयोगशाळेतल्या. तो सूक्ष्मजीवशास्त्र विभागात आहे, आणि तिथले लोक पूर्वी हसत हसत द्यायचे. बुरशीवाली कॅसेट मात्र शेकायची नाही. ती आधी वेगळी काढायची आणि साफ केल्याशिवाय यंत्राजवळ न्यायची नाही, नाहीतर बाकीच्यांना लागण होते.

पण खरा प्रश्न यंत्राचा आहे. यू-मॅटिक १९७१ चं. त्याचे डेक, म्हणजे कॅसेट लावायची यंत्रं, बनायचे बंद होऊन जमाना झाला. हेडचं ड्रम मिनिटाला पंधराशे फेरे घेतं. ते झिजलं की नवं मिळत नाही, दुसऱ्या मेलेल्या यंत्रातून काढावं लागतं. ऑस्ट्रेलियाच्या राष्ट्रीय चित्रपट व ध्वनी संग्रहालयानं सगळ्यांना बजावलं होतं की चुंबकीय फिती उतरवून घ्यायच्या तर २०२५ पर्यंत, पुढं यंत्रंही नसतील आणि ती चालवणारे हातही. ते साल येऊन गेलं. आपल्याकडं दोन डेक आहेत, त्यांतला एक मी निवृत्त होताना चालत होता. तोच अनुक्रमांक ४५. कॅसेटी ठेवून डेक भंगारात काढणं म्हणजे पेटी ठेवून किल्ली वितळवणं, आणि आपण तर पेटीही काढतोय.

खर्चाचं म्हणाल तर हिशेब करू. तासाची कॅसेट उतरवायला तास लागतो, त्यात पळवाट नाही. साफसफाई धरून एका यंत्रावर दिवसाला चार होतात. ११४६ कॅसेटींना कामाचे २८७ दिवस. म्हणजे एक माणूस, एक यंत्र, साधारण सव्वा वर्ष. उत्तम दर्जात तासाला शंभर जीबीच्या आसपास जागा लागते, दर्जा न घालवता फाइल दाबली तर सुमारे निम्मी. सगळं मिळून साठ टेराबाइटच्या आत. सोळा टेराबाइटच्या चार हार्डडिस्क, आणि दुसऱ्या इमारतीत ठेवायला आणखी चार. दीक्षान्त समारंभाच्या मांडवाचं बिल मी पूर्वी पाहिलेलं आहे, म्हणून एवढंच म्हणतो की आकडा घाबरण्यासारखा नाही.

आता नव्या स्टुडिओबद्दल. तो झाला याचा मला आनंदच आहे. हिरवा पडदा आहे, फोर-के कॅमेरे आहेत. मी उद्घाटनाला आलो होतो, मागच्या रांगेत. एसीचा ब्लोअर नेमका माइकच्या डोक्यावर आहे, हे मी तिथल्या मुलाला सांगितलं. तो म्हणाला, “सर, नॉइज रिडक्शन लावतो नंतर.” त्यानंतरची लेक्चरं मी ऐकली, प्राध्यापक पाण्याखालून बोलतायत असं वाटतं. पोरगा वाईट नाही, हुशार आहे. पण त्याला अकरा महिन्यांच्या करारावर घेतलंय आणि माझी ध्वनिमुद्रकाची जागा मी उठलो तेव्हापासून रिकामी आहे. शिकवणार कोण?

त्याच्या आधीचा जो मुलगा होता, त्यानं विभागाचं यूट्यूब चॅनेल स्वतःच्या जीमेलवरून उघडलं होतं. करार संपला, तो दुसरीकडं गेला, पासवर्डही त्याच्याबरोबर गेला. तीन वर्षांची लेक्चरं तिथं आहेत, पण त्यात विद्यापीठाला ना काही घालता येतं, ना दुरुस्त करता येतं. नव्या चॅनेलवर पदवीदानाचा व्हिडिओ चढवला, त्यात मध्ये कुठल्याशा कंपनीचं संगीत वाजत होतं म्हणून वीस मिनिटांचा आवाजच बंद. पदवी घेताना मुलं आनंदानं तोंड हलवतायत एवढंच दिसतं.

करोनाच्या काळात प्राध्यापकांनी घरून, मोबाइल पुस्तकांच्या थप्पीला टेकवून, शेकडो तास लेक्चरं रेकॉर्ड केली. ती सगळी गूगलच्या ड्राइव्हवर गेली, कारण शिक्षणसंस्थांना तिथं हवी तेवढी जागा फुकट होती. २०२२ पासून गूगलनं ती अख्ख्या संस्थेमागं १०० टेराबाइटवर आणली. आपल्याकडं परिपत्रक निघालं, अनावश्यक फायली काढून टाका. काय अनावश्यक ते ज्याचं त्यानं ठरवलं. एका बाईंनी मला सांगितलं, घाबरून त्यांनी दोन सत्रांचं सगळंच काढून टाकलं. म्हणजे १९९३ ची फीत तीस वर्षं कपाटात टिकली आणि २०२० चं लेक्चर दोन वर्षंही नाही.

आणि जे टिकलंय ते पोचतंय का? पोर्टलला लॉगिन लागतं, ते फक्त चालू वर्षाच्या विद्यार्थ्यांना. गेल्या वर्षी नापास झालेला, ज्याला लेक्चरची सगळ्यात जास्त गरज, तो बाहेर. व्हिडिओ उघडला की शेकडो एमबी डेटा जातो. चाळीस मिनिटांचं लेक्चर नुसत्या आवाजात द्या, दहा एमबीच्या आत बसतं. रानात पाणी द्यायला गेलेला मुलगाही कानाला लावून ऐकेल. अंध विद्यार्थ्यांना तेच हवं असतं, कर्णबधिरांना खाली अक्षरं हवी असतात. यातलं एकही अवघड नाही. एसटीच्या खिडकीवर सुतळी बांधून आम्ही जास्त लोकांपर्यंत पोचत होतो, हे म्हणायला मला बरं वाटत नाही.

रेडिओचं एका वाक्यात सांगतो. शिक्षणसंस्थांना स्वतःचं केंद्र काढायची परवानगी केंद्र सरकारनं २००२ च्या अखेरीस दिली, चेन्नईच्या अण्णा विद्यापीठानं फेब्रुवारी २००४ मध्ये सुरूही केलं, पुण्यात ‘विद्यावाणी’ आहे. आपली फाइल मी नोकरीत असताना वित्त विभागात गेली ती अजून जेवायला गेलेली आहे.

मागण्या अशा.

अनुक्रमांक ४३, ४४ आणि ४५ यादीतून आजच बाहेर काढा. भंगाराच्या निविदेतून वगळल्याचं लेखी जाहीर करा. कॅसेटी जिन्याखालच्या ओल्या खोलीतून काढून ग्रंथालयाच्या कोरड्या, थंड खोलीत उभ्या ठेवा, एकावर एक नाही.

लाल बाडांवरून यादी करा आणि ती संकेतस्थळावर टाका. कुणाकडं काय आहे हे लोकांना कळलं की कुठली आधी उतरवायची ते लोकच सांगतील.

ज्यांचा आवाज, ज्यांचा चेहरा, त्यांच्या घरी एक प्रत विनामूल्य आणि विनाअर्ज. सगळ्यांसाठी खुलं करण्याआधी त्यांना किंवा घरच्यांना विचारा. भूकंपाच्या कॅसेटींत अशी माणसं आहेत ज्यांना त्या दिवशी कॅमेऱ्याला नाही म्हणायचं त्राण नव्हतं. त्यांना आता तरी नाही म्हणता यावं.

ध्वनिमुद्रकाची जागा भरा, कायम. विद्यापीठाची सगळी खाती विद्यापीठाच्या नावावर घ्या; आधीच्या त्या मुलाला नीट फोन करा, तो चॅनेल परत देईल, मी बोललोय त्याच्याशी. यापुढं प्रत्येक लेक्चर नुसत्या आवाजातही द्या, लॉगिनशिवाय. आणि एसीचा तो ब्लोअर वळवा, सुतार अर्ध्या दिवसात करेल.

गोंधळ्यांच्या सात कॅसेटी सगळ्यात आधी. याचं कारण मी वर दिलं आहे.

अधिसभेवर पदवीधरांमधून निवडून गेलेल्या सदस्यांनाही विनंती, मत मागायला आमच्या दारी आला होतात, पुढच्या बैठकीत हा प्रश्न विचारा.

मला मानधन नको. डेकचा रबरी रोलर आणि दोन पट्टे मी चोरबाजारातून आणून घरी जपून ठेवले आहेत, हेड साफ करायचं चामडंही आहे. निविदा १८ तारखेला उघडणार असं यादीखाली लिहिलंय. मी १६ ला सकाळी अकरा वाजता जिन्याखालच्या खोलीपाशी येतो. किल्ली स्टोअरकीपरकडं असते आणि तो साडेअकराशिवाय येत नाही, तेव्हा त्याला आदल्या दिवशी सांगून ठेवावं.

आपला,
दृकश्राव्य विभागाचा निवृत्त ध्वनिमुद्रक